पुढच्या सस्पेन्शनचा आवाज (जुन्या गाड्या)

पुढच्या सस्पेन्शनचा आवाज म्हणजे खड्ड्यातनं जाताना, स्पीडब्रेकर उतरताना, वळताना नाहीतर ब्रेक मारताना गाडीच्या पुढच्या चाकांपाशी येणारी खटखट, कुईकुई, टकटक, आणि ती नेमकी कुठल्या पार्टची आहे हे पैसे घालवायच्या आधी शोधून काढायचं काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि खाली रामनगर-जोयड्यापर्यंतच्या सीमाभागात मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो, इंडिका, क्वालिस, सुमो अशा पंधरा-वीस वर्षं झालेल्या गाड्या अजून रोज पळतात, त्यामुळं इकडच्या गॅरेजच्या दारात "मेस्त्री, पुढनं खटखट वाजायलंय बघा" हे वाक्य नवीन नाही, आणि त्यावर "शॉकअप गेले" हे उत्तर पण नवीन नाही (शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, गाडीचं झुलणं थांबवणारा पार्ट). ते उत्तर बऱ्याचदा चुकीचं असतं. शॉकअप ढिला झाला की आवाजाच्या आधी गाडी झुलायला लागते, शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा दिसतो, टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा घासतो. आतनं पार संपला की तो पण ठोकतो, नाही असं नाही, पण जुन्या गाडीत आवाज करणारी मंडळी बहुतेक रबराचे बुश (लोखंडी जोडांच्या मधली रबरी नळी) आणि छोटे जॉइंट असतात, ज्यांची किंमत शॉकअपच्या जोडीपुढं किरकोळ असते.

गाडीची रचना कुठली हे आधी बघायचं कारण तपासायची पद्धत त्यावर ठरते. छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, वर बॉडीला रबराचं माउंटिंग आणि खाली एकच लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात). अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरनं १९४० च्या दशकात काढलेली ही पद्धत स्वस्त आणि जागा वाचवणारी म्हणून जगभर पसरली. क्वालिस, सुमो, बोलेरो यांना मात्र वर एक खाली एक असे दोन आर्म असतात. मारुती ८०० (१९८३ ला आली, २०१४ च्या जानेवारीत बंद झाली) मध्ये आणखी एक गंमत, हिला नव्या गाड्यांसारखी वेगळी लिंक रॉड (स्टेबिलायझरचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी कांडी) नाही, स्टेबिलायझरचा दांडाच (दोन्ही बाजूंना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा) बुश आणि नटनं सरळ लोअर आर्ममध्ये अडकवलेला असतो आणि तोच आर्मला मागं-पुढं धरून ठेवतो, त्यामुळं तिथले बुश खल्लास झाले की खड्ड्यात तर वाजतंच पण ब्रेक मारल्यावर पण एक ठोका येतो आणि गाडी जराशी ओढते.

कधी वाजतं

"कुठनं येतोय" हा प्रश्न गिऱ्हाईक आधी सांगतो पण तो तितका कामाचा नाही, कारण पत्र्यातनं आवाज फिरतो आणि डावीकडचा ठोका उजव्या पायाखाली ऐकू येतो. कधी वाजतं हे नीट सांगितलं तर निम्मं काम होतं.

हळू गाडीला, छोट्या छोट्या खाचांवर, एक चाक वर एक खाली असं होताना खडखड येत असेल तर आधी लिंक रॉड आणि स्टेबिलायझरचे बुश बघायचे. मोठ्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा स्टेबिलायझरच्या दांड्याला पीळ बसत नाही, म्हणून तिथं गप्प आणि खराब रस्त्यावर वाजतंय असं असेल तर संशय आणखी पक्का. पिरनवाडीच्या पुढं किणये-जांबोटीच्या रस्त्याला गाडी घातली की हा फरक लगेच कळतो, म्हणून ट्रायल गुळगुळीत हायवेवर घेण्यात काही अर्थ नाही. ब्रेक मारल्यावर एकच "धप्" आणि मग रिव्हर्स घेऊन परत ब्रेक मारल्यावर पुन्हा एक "धप्", तर लोअर आर्मचे बुश, नाहीतर ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरून दाबणारा भाग) पॅड ढिले बसलेत. यातला फरक सोपा आहे, खडखड चालू असताना ब्रेकवर नुसता पाय टेकवायचा, आवाज गेला तर पॅड. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर "टंग्ग" असा स्प्रिंगचा आवाज आला तर वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग अडकतंय, स्प्रिंगला पीळ बसतो आणि मग ती एकदम सुटते. स्टेअरिंगच्या हातात बारीक खरखर जाणवत असेल तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा जोड), रॅकचे (स्टेअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा दातेरी दांडा) जोड किंवा रॅकचा बुश.

दोन आवाज सस्पेन्शनचे नसताना त्याच्यात धरले जातात. एक, पूर्ण वळवून गाडी ओढताना येणारी टक-टक-टक, ही चाकाच्या वेगाबरोबर वाढते, म्हणजे एक्सलचा बाहेरचा जॉइंट. चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट चढताना अरुंद वळणांवर ही हमखास ऐकू येते कारण तिथं वळण पण जास्त आणि जोर पण जास्त. दुसरा म्हणजे घुंsss असा एकसारखा आवाज, वेगाबरोबर वाढणारा आणि वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की बदलणारा, तो व्हील बेअरिंगचा.

आणि हे सगळं करायच्या आधी डिकी रिकामी करावी. जॅक, पाना, स्टेपनीचा ढिला नट, हलणारी नंबरप्लेट, यांनी भल्याभल्यांना फिरवलंय.

हातानं तपासणं

कानापेक्षा बोट जास्त खरं बोलतं. एकानं बॉनेटवर जोर देऊन गाडी वरखाली हलवायची आणि दुसऱ्यानं हात आत घालून एकेक जॉइंटवर बोटं टेकवत जायचं, ढिला जॉइंट प्रत्येक हिसक्याला बोटाखाली टिचकी मारतो, ऐकू येवो न येवो. माउंटिंगसाठी हेच, हात स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्याला स्टेअरिंग फिरवायला सांगायचं.

मग जॅक. घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी चाक धरून हलवलं आणि प्ले (ढिलेपणा) लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा जोड) किंवा बेअरिंग. आता दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरायचा, प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट नाहीतर वरचं काहीतरी. ३ आणि ९ ला धरून हलवलं की टाय रॉड एंड आणि रॅक कळतात. इथं रचनेचा मुद्दा येतो: स्ट्रटवाल्या गाडीत बॉडीला जॅक लावून चाक लोंबकळतं सोडलं तरी चालतं, पण ज्या गाडीत स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर येतो तिथं जॅक आर्मच्या खालीच लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंग जॉइंटला ताणून धरते आणि प्ले लपतो, मेस्त्री म्हणतो सगळं टाईट आहे आणि गाडी गेटातनं बाहेर पडल्या पडल्या परत वाजते. लिंक रॉडचं उलटं, एकच चाक उचललं तर दांड्याला पीळ बसून लिंक रॉड ताणली जाते, म्हणून ती दोन्ही चाकं जमिनीवर असताना हलवून बघायची. खात्रीच करायची असेल तर दोन्ही लिंक रॉड सोडून ठेवून जवळच हळू एक फेरी मारतात, आवाज बंद झाला तर विषय संपला (वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून ती फेरी गल्लीतच). बुशला टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म ढकलायचा, रबर लोखंडापासून सुटलेलं असेल तर फट उघडते. वरून बुश नुसता तडकलेला दिसतो म्हणून बदलू नये, जुन्या रबराला केसासारख्या चिरा असतातच.

गाडीच्या खाली शिरताना नुसत्या जॅकवर विश्वास नको, इकडं सर्रास जांभ्याचा चिरा लावतात पण तो भाराखाली अचानक फुटू शकतो. स्टँड नसेल तर निदान जाड लाकडी ठोकळे, आणि मागच्या चाकांना अडणी.

इकडचा पाऊस, इकडची माती

खानापूर-कणकुंबीकडं पाऊस भरपूर, त्यात ही लाल माती चाकाच्या आत थरावर थर बसते, एक्सलचं रबरी बूट फाटलं की तीच माती ग्रीसमध्ये मिसळून जॉइंट खाते. बूट फाटल्याची खूण म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला गोल फेकलेलं काळं ग्रीस. वेळेत दिसलं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागतं. पावसाळ्यात गायब होणारी आणि फेब्रुवारीत परत येणारी कुईकुई कोरड्या रबराची असते, खात्रीसाठी एकेका बुशवर पाणी मारून गाडी हलवायची, ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला तो बुश सापडला.

यावर सर्व्हिसिंग सेंटरमध्ये खालनं डिझेल किंवा जळकं ऑईल मारून देतात आणि दोन-तीन आठवडे गाडी खरंच गप्प बसते. हा उपाय वाईट आहे. तेलानं नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि बुशचं उरलेलं आयुष्य पण जातं, वर चिकटलेल्या तेलावर माती बसते ती वेगळीच. सिलिकॉन स्प्रे मारला तर निदान रबराचं नुकसान होत नाही.

दुरुस्ती

बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या भागामुळं लेथ आणि प्रेस शोधायला लांब जावं लागत नाही, म्हणून अख्खा लोअर आर्म न घेता नुसता बुश प्रेसवर काढून नवा बसवून घेणं परवडतं, मात्र बॉल जॉइंट पण ढिला असेल तर आर्मच बदललेला बरा. बुश बसवल्यावर आर्मचा बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळून टाकतात ही नेहमीची चूक; आर्म लोंबकळता असताना आवळला की गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानं लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा दाबायची आणि मग आवळायचा. शॉकअप बदलायचेच असतील तर जोडीनं. टाय रॉड एंड, लोअर आर्म किंवा स्ट्रट यातलं काही सुटलं असेल तर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करून घेणं) करायचीच.

सगळे आवाज सारख्या घाईचे नसतात. लिंक रॉड किंवा स्टेबिलायझरचा बुश वाजत असेल तर पगार होईपर्यंत थांबलं तरी चालतं. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये हाताला प्ले लागला तर मात्र गाडी आहे तिथंच लावायची, बॉल जॉइंट सुटला की चाक बाहेर पडून गाडी त्या बाजूला खाली बसते, टाय रॉड सुटला की स्टेअरिंग फिरतं पण चाक ऐकत नाही, आणि अशी गाडी घेऊन घाट उतरायचा तर विचारच करू नये.