नेट गेलं म्हणून लिहिलेलं पुसलं जात नाही

"गूगल डॉक्समध्ये काही लिहू नका, नेट गेलं की सगळं पुसलं जातं." गूगलच्या या ऑनलाइन लिहायच्या सोयीबद्दलचा हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात लाईट, आणि तिच्याबरोबर नेट, कसं जातं हे ज्यानं बघितलंय, त्याला तो पटणारच.

प्रत्यक्षात डॉक्समध्ये सेव्हचं बटणच नसतं, कारण टाइप करता करता मजकूर गूगलच्या सर्व्हरवर, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर, जात राहतो. नेट तुटलं तरी तोवर पोचलेलं तिथंच राहतं. फार तर शेवटचे काही शब्द अडकतात. पुढं लिहायचं असेल तर मात्र ऑफलाइनची सोय आधीच चालू केलेली हवी. नेट गेल्यावर आठवण होऊन उपयोग नाही, आणि बहुतेकांची फसगत इथंच होते. सोय चालू असली की ब्राउझर मजकूर तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवतो आणि नेट आल्यावर पाठवतो.

खात्री करायचीय? क्रोममध्ये गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑफलाइन चालू करा. इन्कॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खासगी विंडोत, हे चालत नाही. मग गणपती मंडळाच्या वर्गणीची गूगल शीट उघडा (तिलाही हीच सोय लागू होते), वायफाय बंद करा, एक रक्कम भरा. शीटच्या नावाशेजारी ती याच डिव्हाइसवर सेव्ह झाल्याची खूण दिसेल. वायफाय परत लावा आणि तीच रक्कम खजिनदाराच्या मोबाइलवर बघा.

झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र ऑफलाइन चालू करू नका. तुमच्या फायलींची प्रत तिथंच राहील.