टरबुजाचा काय दोष?

मार्च महिना. मृग बहाराची संत्री अजून हातगाड्यांवर आहेत आणि टरबुजांचे ढीगही लागलेत. अशा ऐन दिवसांत नागपुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी दोन्ही फळं बंद केली. निमित्त धंतोलीतल्या एका लॅबचा रिपोर्ट. 'अँटी-सीसीपी' ही संधिवातासाठीची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, आणि त्यातला मधला 'सी' सिट्रुलिनचा, म्हणजे 'सिट्रस'चाच, संत्र्या-लिंबांच्या कुळातलाच कुणीतरी, असं त्यांना कोणीतरी सांगितलं.

सकाळी त्यांची मूठ आवळत नाही. कणकेला हात लावायला तासभर थांबावं लागतं. दोन्ही हातांच्या बोटांचे मधले सांधे सारखेच सुजलेले. "लाकडावानी होऊन राह्यली रे बोटं," म्हणतात. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपण ज्याला सरसकट संधिवात म्हणतो त्यातला एक.

काकूंचा संशय अगदीच हवेतला नव्हता. सिट्रुलिन हे अमिनो आम्ल 1914 मध्ये टरबुजाच्याच रसातून वेगळं केलं गेलं आणि टरबुजाच्या 'सिट्रुलस' या शास्त्रीय नावावरून त्याचं बारसं झालं. पण खाल्लेलं सिट्रुलिन प्रथिनांत शिरत नाही. आपल्या जनुकांत त्यासाठी सांकेतिक शब्दच नाही. मूत्रपिंडं त्याचं बरंचसं आर्जिनिन, म्हणजे दुसरंच एक अमिनो आम्ल, करून टाकतात. सांध्याच्या भानगडीतलं सिट्रुलिन शरीरातच घडतं. पॅड नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार प्रथिनाच्या माळेतला आर्जिनिनचा मणी जागच्या जागी बदलतात. मण्यावरचा धन विद्युतभार जातो, प्रथिनाची घडी सैल होते. त्वचेत हे रोज होतं आणि गरजेचंही असतं. पण काहींच्या प्रतिकारशक्तीला हा बदललेला मणी परका वाटतो. त्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, 'अँटी-सीसीपी' चाचणी ज्या शोधते त्या, बोटं दुखायच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात सापडू शकतात. हिरड्यांच्या आजारातल्या एका जिवाणूकडेही असंच विकर असतं, आणि धूम्रपानाने फुप्फुसात हा बदल वाढतो. संत्र्यांची चौकशी करणाऱ्यांनी आधी विडीची आणि हिरड्यांची करावी, हे आपलं माझं मत.

सांधा झिजवायचं पुढचं काम कात्र्यांचं, म्हणजे कापणाऱ्या विकरांचं. 1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीचे तुकडे कोलॅजेनच्या थरावर ठेवले, तर थर विरघळला. बेडूक मोठा होताना शेपटी कशी नाहीशी होते, याचं उत्तर त्यात होतं: कोलॅजेन कापणारं विकर. कोलॅजेन म्हणजे तीन पदरांचा घट्ट दोर. हे विकर तो एकाच ठरावीक ठिकाणी तोडतं. मग शरीराच्या उष्णतेनेच तो उसवतो आणि बाकीची विकरं त्याचा फडशा पाडतात. निरोगी सांध्यात या कात्र्यांवर राखणदार रेणू असतात. काकूंच्या सांध्याचं अस्तर जाड होऊन कात्र्या इतक्या सोडतं की राखणदार पुरत नाहीत, आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, कुरतडली जाते.

मग कात्र्याच का बांधू नयेत? तशी औषधं कर्करोगासाठी आजमावली गेली, तर रुग्णांचे सांधेच दुखू लागले! म्हणून उपचार वरच्या अंगाने, म्हणजे कात्र्यांच्या आधी प्रतिकारशक्तीलाच आवरून, होतात. मेथोट्रेक्सेट, किंवा पेशीतला निरोप पोचवणाऱ्या 'जॅक' विकरांना अडवणारं टोफासिटिनिब, ज्याला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. साध्या वेदनाशामक गोळ्या 'कॉक्स' विकर रोखून ठणका कमी करतात, कूर्चा वाचवत नाहीत.

मेथोट्रेक्सेटची गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. काकूंनी कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल केलाय. टरबूजही परत आलंय घरात, फक्त कापून मुलगा देतो. सुरी अजून धरवत नाही.