ऑपरेशनच्या आधीचं एक इंजेक्शन

ब्रेस्ट कॅन्सर म्हटलं की गाठ काढायची, केमो घ्यायची, मग काही वर्षं गोळ्या, एवढं आपल्याला माहीत असतं, पण ऑपरेशन पाळीच्या कितव्या दिवशी झालं यानेही फरक पडत असेल का, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ब्रेस्ट कॅन्सरचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या आलं. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या, पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या नोंदी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापला. पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ऑपरेशन झालेल्यांपैकी १० वर्षांनी ५४ टक्के हयात, बाकीच्यांपैकी ८४ टक्के! केवढा फरक आहे हा. नंतर इतरांनी तपासलं तेव्हा सगळीकडे असंच दिसलं नाही हेही खरं.

पण कारण काय असेल? त्या दिवसांत शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन असतं आणि त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, जवळजवळ नसतं, ते वाढतं अंडं सुटल्यावर. गाठ काढताना काही पेशी रक्तात सुटू शकतात, त्या वेळी प्रोजेस्टेरॉन हजर असेल तर त्यांना आवर बसेल का? मग पाळीची तारीख कशाला बघायची, इंजेक्शनच देऊ, असा साधा विचार. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १००० बायकांवर ट्रायल झाली, निम्म्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन, म्हणजे लॅबमध्ये बनवलेला प्रोजेस्टेरॉनसारखा हार्मोन, जो गायनॅक डॉक्टर गरोदरपणात वर्षानुवर्षं देत आलेत, स्वस्त आणि सगळ्यांच्या ओळखीचा.

२०११ मध्ये रिझल्ट आले. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर ठाम फायदा दिसला नाही, हे आधी सांगायला हवं. पण ज्यांचा कॅन्सर काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड्स) पोचला होता त्यांच्यात ५ वर्षांनी इंजेक्शनवाल्या ७५.७ टक्के हयात होत्या, बाकीच्या ६६.८ टक्के. मला हा आकडा फार मोठा वाटतो, मात्र तो एका गटापुरता आहे, त्यामुळे हे अजून सरसकट उपचारात आलेलं नाही. आणि हो, पाळी गेल्यावर वर्षानुवर्षं इस्ट्रोजेनसोबत अशाच कृत्रिम हार्मोनची गोळी घेतली तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून एका डोसची गोष्ट वेगळी आणि रोजच्या गोळीची वेगळी.

पुढे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात, पेशींवर काम झालं, त्यात प्रोजेस्टेरॉन दिल्यावर एसजीके१ नावाच्या जीनचं काम वाढतं, तो पुढे एनडीआरजी१ या दुसऱ्या जीनला जागं करतो आणि कॅन्सरच्या पेशींची आजूबाजूला घुसण्याची ताकद कमी होते असं दिसलं.