डाएट सोडल्यानंतरची तात्पुरती वजनवाढ

बरेच दिवस गरजेपेक्षा फारच कमी खाऊन नंतर आहार वाढवला, की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत वजनकाट्यावर दिसणारी साधारण एक ते तीन किलोंची वाढ. ही वाढ मुख्यतः पाण्याची असते. त्याखालोखाल स्नायू व यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा आणि आतड्यातले अन्न. चरबीचा वाटा नगण्य, पुष्कळदा शून्यच. बोलताना मात्र हिलाच ‘डाएट सोडलं आणि सगळं परत आलं’ असे म्हणतात, आणि धसक्याने माणूस पुन्हा उपाशी राहू लागतो.

हिशेब मांडून पाहिला तर हा धसका टिकत नाही. दिवसाला १,८०० कॅलरी लागणारी एखादी बाई दोन महिने ९०० वर राहिली आहे असे धरू. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी कोशिंबीर, डाळ आणि ताक, रात्री सूप आणि थोडे पनीर; भात-भाकरी बंद. मग ती दुपारी एक भाकरी, चार वाजता मूठभर शेंगदाणे आणि रात्री आमटी-भात सुरू करते. आहार १,५०० वर जातो. पाचव्या दिवशी काटा दीड किलोने पुढे! एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० जादा कॅलरी लागतात, म्हणजे दीड किलोला साडेअकरा हजार. इथे जादा असे काही उरतच नाही. कमी खाण्याने शरीराचा खर्च १,६०० पर्यंत उतरला असे धरले, तरी ती रोज १०० कॅलरींनी तोट्यातच आहे. काटा वर चढतो आहे आणि चरबी घटते आहे, दोन्ही एकाच वेळी.

मग हे दीड किलो येतात कुठून? पिठूळ पदार्थांतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम साठा असतो, आणि दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. डाएटच्या पहिल्याच आठवड्यात हा साठा बराचसा रिकामा होतो. ‘आठवड्यात दोन किलो उतरले’ हा आनंद मुख्यतः त्याच पाण्याचा असतो. त्या आनंदाला कोणी शंका घेत नाही. तेच पाणी परत आले की रडारड.

रिकामा साठा भरताना शरीर हात आखडता घेत नाही. स्वीडनमध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोघांनी १९६६ साली स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलवर दोन बाजूंनी बसून दोघांनी एकेकच पाय थकेपर्यंत चालवला आणि पुढचे तीन दिवस भरपूर पिठूळ आहार घेतला. मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले, तर थकवलेल्या पायात ग्लायकोजेन विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झालेले होते. लांब पल्ल्याच्या धावपटूंचा शर्यतीआधी दोन-तीन दिवस भात-बटाटे वाढवण्याचा प्रघात याच संशोधनातून रुळला. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारा धावपटू याच किलो-दीड किलोला ‘टाकी भरली’ म्हणतो.

दुसरा भाग मिठाचा. कमी खाल्ल्याने रक्तातले इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू लागतात. भात-भाकरी परतताच इन्सुलिन वाढते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि मिठामागोमाग पाणी थांबते. सकाळी पापण्या जड वाटणे, अंगठी घट्ट होणे, संध्याकाळी मोज्याचा वळ पायावर राहणे ही त्याची खूण. लोणचे-पापडही त्याच वेळी ताटात परतले असतील तर परिणाम अधिक. पाळीच्या आधीचे दिवस असतील तर आणखी भर. आतड्यातल्या वाढलेल्या अन्नाचे वजन वेगळेच.

भात-भाकरी सोडलेल्याने एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाल्ली, तर द्वादशीच्या सकाळी हेच घडते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खाण्यापुरती खरी. पण रात्रीत वाढलेला किलो बहुतांशी पाण्याचाच.

ही वाढ सहसा दोन-तीन आठवड्यांत थांबते आणि मिठाचे पाणी उतरू लागते. ग्लायकोजेनबरोबरचे पाणी मात्र राहते. ते शरीराचे नेहमीचेच वजन आहे. या काळात रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी आणि कमरेचे माप अधिक खरे सांगतात. वजन त्यानंतरही आठवड्यामागून आठवडे चढत राहिले, तर ती चरबी समजावी.

चरबीचा हा पुढचा टप्पा खोटा नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. शस्त्र धरायला तत्त्वतः नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. युद्धग्रस्त युरोपातल्यासारखा पाव-बटाट्यांचा, सुमारे १,६०० कॅलरींचा आहार त्यांना मिळे. वजन सरासरी पाव हिश्श्याने घटले, घोटे मात्र सुजले. पुढे पोटभर खायची मोकळीक मिळाल्यावर काही जण दिवसाला ५,००० कॅलरींच्या वर खात आणि तरी भूक भागत नसे. चरबी मूळ पातळीच्याही वर गेली, स्नायू भरून यायला मागे राहिले. पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचे वजन पुन्हा पूर्वीच्या आसपास आले. डाएट जितके कडक, तितकी ही मागाहूनची भूक मोठी, असे यावरून म्हणता येते; मात्र महिनाभर सूप पिणाऱ्याची तुलना या तरुणांशी करणे अतिशयोक्तीचे होईल.

धोका असतो तो फार दिवसांच्या उपासमारीनंतर. एकदम भरपूर खाल्ल्यास इन्सुलिनबरोबर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदय व श्वसन अडचणीत येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटका झालेल्या युद्धकैद्यांमध्ये असे मृत्यू झाले. अशा वेळी वाढती सूज, धाप किंवा धडधड दिसली तर ती साधी वजनवाढ समजू नये. तातडीने डॉक्टर गाठावा. पर्युषणात आठ दिवसांची अठाई करणाऱ्या जैन घरांत पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या, मोजक्या आहाराने करतात. आजारातून उठलेल्याला कोकणात आधी पेज देतात, मग मऊ भात. भरले ताट त्यानंतर.