गणपत गल्लीतली वर्दळ आणि डोळ्यातल्या नसा

"हिला अँजिओग्राफी सांगितलीय," असा खानापूरहून मामांचा फोन आला आणि आम्ही सगळे हार्टच्या काळजीत पडलो. सांगितली होती डोळ्याची. मामींना शुगर आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: लघवी नारिंगी होतेय, कावीळ झाली! कावीळ कसली, ते फ्लुरोसिन, तपासणीत टोचलेला रंग.

हा रंग हाताच्या शिरेत टोचला की दहा-पंधरा सेकंदांत डोळ्याच्या पडद्यात पोचतो. निळा प्रकाश टाकल्यावर तो हिरवट-पिवळा चमकतो आणि कॅमेरा तेवढाच टिपतो. अमेरिकेतल्या नोव्होटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 1961 साली ही रीत प्रसिद्ध केली. मधुमेहात पडद्याला रक्त कमी पडलं की नव्या नसा फुटतात, पण कच्च्या. त्यांतून रंग झिरपतो आणि चित्रात डाग पसरत जातो. उरलेला रंग एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातो.

आता रंगाशिवायही नसा दिसतात, आणि माझा जीव अडकलाय तो तिथे. ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी), म्हणजे प्रकाशाने पडद्याचे छेद दाखवणारं तंत्र, 1991 मध्ये आलं. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी, इथे अवरक्त प्रकाशाचा. पण नस ओळखायची कशी? बेळगावच्या गणपत गल्लीत एखाद्या माडीवरून लागोपाठ दोन फोटो काढा. दुकानं जागच्या जागी, माणसं सरकलेली. एकातून दुसरा वजा केला की उरते फक्त वर्दळ, आणि वर्दळ असते तिथेच रस्ता. ओसीटी अँजिओग्राफी एकाच जागेचे छेद काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेते. लाल पेशी हलल्याने परतणाऱ्या प्रकाशाची कला (लहरीचा टप्पा, फेज) आणि तीव्रता बदलते. दोन छेदांतला सहसंबंध, म्हणजे सारखेपणा, जिथे घटतो, तो ठिपका उजळ. डोळाच हलला तर मात्र अख्खी गल्लीच सरकल्यासारखी दिसते, म्हणून यंत्र त्याचा माग ठेवतं.

यातही खोट आहे. रक्त फार संथ वाहत असेल तर यंत्राला तिथे नसच दिसत नाही. आणि गर्दीतून निघून दुकानात बसलेलं गिऱ्हाईक जसं वजाबाकीत नाहीसं होतं, तशी गळतीही दिसत नाही. त्यासाठी रंगच लागतो.

आठवडी बाजारात मिळणारे 'शुगरच्या डोळ्यांचे' थेंब बुबुळावरच राहतात. बिघाड असतो मागच्या पडद्यात, आणि सुरुवातीला नजर अगदी छान असते.

मामींची पुढची तपासणी ओसीटी अँजिओग्राफीच्या यंत्रावर झाली. हनुवटी टेकवून काही मिनिटं एका खुणेकडे बघत बसायचं, एवढंच. "सुई नाही टोचली तर तपासणी कसली रे?" असं त्या मला अजून विचारतात.