आधी रेषा, मग बिंदू : चिनी वैद्यकचित्रांतील 'जिंग'

ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यातील भिंतीवरच्या तक्त्यात मानवी देहावर काही रेषा आणि त्या रेषांवर बारीक बिंदू दाखवलेले असतात. सुया टोचण्याच्या जागा आधी सापडल्या आणि त्या जोडत गेल्यावर रेषा तयार झाल्या, असे तो तक्ता पाहताना सहज वाटते. हाती असलेला पुरावा मात्र उलट क्रम सुचवतो.

हुनान प्रांतातील मावांगद्वे येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेल्या एका थडग्यातून १९७३ साली रेशमावरील हस्तलिखिते बाहेर आली. त्यांत देहातील अकरा मार्गांचे, म्हणजे अशाच रेषांचे, वर्णन आहे. उपचार आहे तो दवण्याच्या कुळातील वनस्पती जाळून शेक देण्याचा, सुयांचा नव्हे, आणि बिंदूंची नावेही तेथे नाहीत. १९९३ मध्ये सिचुआनमधील म्यानयांग येथे सापडलेली पश्चिम हान राजवटीच्या काळातील (इ.स.पू. २०६ ते इ.स. ९) लाकडी मूर्ती तर या टप्प्याचे जणू चित्रच आहे. जेमतेम २८ सेंटिमीटर उंचीच्या या मूर्तीच्या काळ्या लाखेवर लाल रेषा हातापायांवरून डोक्याकडे जातात, पण त्यांवर एकही बिंदू नाही.

या मार्गाला चिनी भाषेत 'जिंग' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ मागावरचा ताणा, म्हणजे उभा धागा. आदरणीय ग्रंथालाही हाच शब्द आहे. आपल्याकडे 'सूत्र' म्हणजे दोराही आणि ग्रंथही, म्हणूनच बौद्ध सूत्रांच्या भाषांतरात चिनी पंडितांनी 'जिंग' हाच शब्द योजला.

बिंदूंना पक्की जागा मिळाली ती सोंग राजवटीत. सम्राट रन्झोंगच्या आज्ञेवरून वांग वेयी याने १०२७ मध्ये पुरुषभर उंचीच्या दोन कांस्यमूर्ती घडवून घेतल्या आणि त्यांवर बिंदूंच्या जागी छिद्रे पाडली. परंपरा सांगते की परीक्षेच्या वेळी मूर्तीवर मेणाचा लेप देऊन आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई नेमकी बसली तरच पाणी बाहेर येई. पुढे १३४१ मध्ये ह्वा शौ याने तोवर अकराचे बारा झालेल्या मार्गांना छाती-पोटाच्या आणि पाठीच्या मध्यरेषांची जोड देऊन चौदा मार्गांची मांडणी केली, आणि छापील तक्त्यांत तीच रुळली.

डच वैद्य विलेम टेन ऱ्हायने याने १६८३ मध्ये लंडनला असे तक्ते छापले, तेव्हा त्याने या रेषा रक्तवाहिन्या समजूनच वाचल्या. विसाव्या शतकात फ्रेंच लेखक सुलिए द मोरां याने 'मेरिडियन' हा शब्द रूढ केला. तो भूगोलातील रेखावृत्ताचा शब्द असल्यामुळे ताण्याच्या धाग्याचा अर्थ भाषांतरात गळून पडला.