वीजपुरवठा बंद असल्याची खात्री

दुरुस्तीला हात घालण्याआधी तारेत वीज नाही, हे टेस्टर, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून पडताळण्याची पद्धत. नुसता मेन स्विच पाडून भागत नाही. इन्व्हर्टरमुळे किंवा चुकून न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) बसवलेल्या स्विचमुळे तार जिवंत राहू शकते.

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ओल्या अंगाचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे शरीरातून २०० मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह वाहू शकतो. साधारण १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून तार हातातून सुटेनाशी होते. आरसीसीबी (गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, पण फक्त अर्थकडे, म्हणजे जमिनीकडे, जाणाऱ्या गळतीला. एका हातात फेज (वीज आणणारी तार) आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर तो शॉक आरसीसीबीला साध्या लोडसारखाच, म्हणजे चालू उपकरणासारखाच, दिसतो. म्हणून जाणते वायरमन शक्य तिथे एकाच हाताने मोजतात.

निऑन टेस्टरचा प्रवाह माणसाच्या शरीरातूनच जातो. आतल्या मोठ्या रोधकामुळे तो जाणवत नाही. मात्र लाकडी स्टुलावर किंवा कोरड्या रबरी चपलेत उभे राहिल्यास दिवा मंदावतो, आणि दुपारच्या उन्हात दिसतच नाही. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावर तारेला हात लावू नये.

मल्टिमीटरवर शून्य दिसले, तरी पुरवठा बंद आहे असे लगेच मानता येत नाही. प्रोबची (तारेला टेकवायच्या टोकाची) वायर आतून तुटलेली असते, नॉब डीसीवर राहिलेला असतो, किंवा मागे कुठेतरी न्यूट्रलच तुटलेला असतो. या शेवटच्या प्रसंगात सॉकेटच्या दोन भोकांमध्ये शून्य येते आणि फेज पूर्ण जिवंत असतो. एखादे उपकरण चालू राहिले असेल, तर टेस्टरचा दिवा दोन्ही भोकांत लागतो. म्हणून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजाव्यात. त्याआधी मीटर चालू असलेल्या पॉइंटवर लावून पाहावा आणि मोजून झाल्यावर पुन्हा त्याच पॉइंटवर. दुसऱ्यांदा पाहण्याचा कंटाळा केला जातो, आणि मीटर मधेच बिघडला असेल तर ते कळण्याची हीच एक संधी असते. उलट, बंद तारेवर कधी ३०-४० व्होल्ट दिसतात. शेजारच्या चालू तारेमुळे आलेला हा आभासी दाब (व्होल्टेज) असू शकतो. टेस्ट लॅम्पसारखे लोड लावले की तो नाहीसा होतो.

सर्वांत घातक चूक मीटरवरच्या सॉकेटची. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये तसाच राहतो आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला फेज-न्यूट्रलवर टेकवला की सरळ शॉर्ट होतो. एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्ट-सर्किट प्रवाह सुरक्षित तोडणारा फ्यूज) असलेला मीटर हा झटका आत जिरवतो. स्वस्त मीटरमध्ये काचेचा फ्यूज असतो, कधी तोही नसतो. पॅनेलवर असा मीटर हातात फुटू शकतो. आयईसी ६१०१० मानकानुसार मीटरवर ‘कॅट’ दर्जा छापलेला असतो: घरच्या सॉकेटवरील उपकरणांसाठी कॅट २, वितरण पॅनेलसाठी कॅट ३, खांबावरून येणाऱ्या जोडणीसाठी कॅट ४. प्रोबचा दर्जा कमी असेल तर मीटरचा दर्जा कामाचा नाही.

मेगर (तारेच्या इन्सुलेशनचा रोध तपासणारा मीटर) वापरताना धोका उलटा असतो. पुरवठा तोडलेल्या केबलमध्ये तो स्वतःच ५०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी सोडतो, आणि लांब केबल ते कपॅसिटरप्रमाणे साठवून ठेवते. चाचणी संपल्यावर केबल डिस्चार्ज करून, दाब उतरल्याचे मोजून मगच टोके सोडवावीत. तोवर केबलच्या दुसऱ्या टोकाशीही कोणी हात लावता कामा नये.